उन्हासाठी टाकलेल्या साड्या

अर्धं अंगण सारवून झालं होतं. तुळशीपासून पायरीपर्यंतचा भाग ओला होता, हिरवट काळा दिसत होता. पायरीपासून फाटकापर्यंतचा अजून कोरडाच होता आणि त्यात बुधवारच्या गारांनी पाडलेले खळगे जसेच्या तसे होते, काही बोराएवढे, काही आवळ्याएवढे. रुखमाबाई उकिडवी बसून शेणकाल्याने ते खळगे बुजवत मागे मागे सरकत होती. एक खळगा बुजला की तिला जरा बरं वाटायचं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायची.

फाटकाची कडी वाजली.

"काकू, येऊ का?"

शेजारची नंदाबाई होती. अंगावर सणाची साडी, हातात पितळेची ताटली, ताटलीत नारळ, हळदकुंकू आणि मापभर ज्वारी. एरवी नंदाबाई फाटकातून कधी येत नसे. दोघींच्या परसातल्या भाजीच्या वाड्यांमधल्या काटेरी कुंपणावरूनच तिचं सगळं बोलणं चालायचं आणि त्यातलं अर्धं हसण्यात जायचं. आज ती हसत नव्हती.

"काका हायेत का घरी?"

"हायेत. काहून व?"

"मान आणला."

"कायचा मान?"

"गारेचा," नंदाबाई म्हणाली.

रुखमाबाईचा हात शेणात होता तिथेच राहिला.

हे घर गारपगाऱ्यांचं, म्हणजे पूर्वी गावावरच्या गारा अडवणाऱ्यांचं. नेरच्या अलीकडच्या या गावात रुखमाबाई लग्न होऊन आली, तेव्हा तिचे सासरे गोविंदाआबा ते काम करायचे. फाल्गुन-चैत्रात आभाळ भरून आलं की आबा त्रिशूळ घेऊन मारुतीच्या पारावर उभे राहायचे, शंख फुंकायचे, आभाळाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायचे. सुगी झाली की गाव त्यांना घरटी मापभर ज्वारी द्यायचं. आबा गेले आणि ते सगळं थांबलं. तिच्या नवऱ्याने, पंजाबरावांनी, पिठाची चक्की टाकली. त्रिशूळ माळ्यावर गेला. आता गावातल्या तरण्या पोरांना गारपगारी हा शब्द फक्त जातीच्या दाखल्यावर दिसायचा.

पण आबांचं आणखी एक काम होतं आणि ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पारावर उभं राहण्याआधी आबा घरोघरी फिरायचे. "ढोरं आत घ्या. कुरडया उचला. वावरात कोणी असन तर हाक मारा. वेल झाका." नव्या नवलाईत रुखमाबाईने एकदा विचारलं होतं, "आबा, तुमी गार बांधता, तर मंग हे सांगत कायले फिरता?"

आबा हसले होते. "वरचं मारुतीरायाच्या हाती हाय, बाई. मले येते ते एवढंच, दुसऱ्याच्या आधी पाहणं अन् पाह्यलं की सांगणं. लोक शंखाची ज्वारी देतात, देऊ दे. मी सांगण्याची घेतो."

आणि मग त्यांनी तिला ढग दाखवला होता. काळ्या ढगाला भ्यायचं नाही. ढगाचं पोट हिरवट दिसलं, तळ्यातल्या पाण्यासारखं, आणि वारा एकाएकी बसला, की त्यात गार आहे असं समजायचं. चाळीस वर्षांत रुखमाबाईने हे तीनचारदा पाहिलं होतं. एकदाही चुकलं नव्हतं.

तिची वाडी घरामागे, जेमतेम दोन खोल्यांएवढी. पण त्या वाडीचं गावात नाव होतं, कारण इतरांच्या वाडीत होळीनंतर बी पडायचं तेव्हा रुखमाबाईच्या काकडीला फुलं लागलेली असायची. पौष सरता सरता ती काकडीचं, दोडक्याचं, ढेमशाचं बी कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधायची आणि चुलीच्या मागच्या उबेत ठेवायची. मोड आले की पळसाच्या पानांच्या द्रोणात माती आणि जुनं शेणखत घालून एकेका द्रोणात दोन दोन बिया लावायची. रात्री थंडी असायची, म्हणून द्रोण संध्याकाळी घरात आणि सकाळी उन्हात. रथसप्तमी झाली की द्रोणासकट रोप मातीत. तेव्हा पळस फुललेला असायचा, सकाळी गोधडी सोडवत नसे आणि दुपारी पंख्याशिवाय बसवत नसे. असल्या दिवसांत वेल कसा झपाट्याने चढतो हे ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. सकाळी पूजा झाली की रुखमाबाई देवाचं निर्माल्य आणि तांदळाचं धुवण घेऊन आधी वाडीत जायची. पहिली काकडी मारुतीला, दुसरी शेजारी, मगच घरात, हा तिचा नेम.

नंदाबाईला हे द्रोणाचं काम तिनेच शिकवलं होतं. नंदाबाई मूळची बंजारा तांड्यावरची, गोरमाटी. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने गावाच्या कडेला घर बांधलं, तेव्हा ही शेजारीण झाली. हाताने चलाख, तोंडाने त्याहून. यंदा तिच्या मांडवावर रुखमाबाईच्याच बियाचे सात वेल होते आणि रुखमाबाईपेक्षाही चांगले आले होते. होळीलाच बोटाएवढ्या काकड्या लागल्या होत्या. त्या काकड्यांना नंदाबाईने कुणाला हात लावू दिला नव्हता. तिची लेक पुष्पा ढाणकीला दिलेली, सातवा महिना चाललेला, पोटात अन्न ठरत नव्हतं. फोनवर एकच म्हणायची, याडी, तुह्या वाडीतली काकडी खाईन. याडी म्हणजे आई. "नेरच्या बाजारात काकड्यांचा ढीग पडला हाय," नंदाबाई कुंपणावरून सांगायची, "पण पोरीले माझ्याच वाडीतली पाह्यजे. पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी तोडतो अन् बसनं जातो."

मग होळी आली. नंदाबाईकडे तांड्यावरच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यात होळीला गाणी म्हणत एकमेकींना चिडवायची रीत आहे आणि तिथे कुणाची गय नसते. सगळ्या आळीच्या बायका जमल्या असताना नंदाबाईने हात ओवाळून म्हटलं, "काय व काकू, तुमच्या घरानं आभाळातल्या गारा अडवल्या म्हणते, अन् आता तुमच्याच्यानं वाडीतली वानरं अडत नाही!"

बायका पोट धरून हसल्या. रुखमाबाईही हसली. त्याच सकाळी वानरांनी तिची भेंडी उपटली होती, म्हणजे बोलणं खरंच होतं. पण घरी येऊन देवापुढे दिवा लावताना तिला आबा आठवले, पारावरचे, ताठ उभे असलेले, आणि त्यांच्यावर आपल्यादेखत सगळं गाव हसलं असं तिला वाटून गेलं. ते बोलणं तिच्या मनातून जाईना. माळ ओढताना मण्यामण्याला वानरं यायची.

पाचव्या दिवशी, बुधवारी, रंगपंचमीला, दुपारी चारच्या सुमाराला वारा बसला.

रुखमाबाई वाडीतच होती. वायव्येकडून ढग आला होता. तिने कपाळावर हात धरून पाहिलं. ढगाचं पोट हिरवट होतं.

ती घरात गेली, पेटीतल्या पाच जुन्या साड्या काढल्या, तुराट्या उभ्या-आडव्या रोवून त्यांवर उतरती बांधल्या, कडांना विटा ठेवल्या. हात भराभर चालत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. नंदाबाई बादलीने वेलांना पाणी घालत होती.

"साड्या कायले टाकून राह्यल्या, काकू?"

एवढंच विचारलं तिने. हातात बादली होती, ओचा खोचलेला होता. तिला सांगायला दोन शब्द लागले असते.

"ऊन लागते ना वेलाले," रुखमाबाई म्हणाली.

"हो बाप्पा, तापून तर राह्यलं," नंदाबाई म्हणाली आणि दुसऱ्या आळ्यात पाणी घालायला वळली.

गारा यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात रुखमाबाई देव्हाऱ्यासमोर बसून होती. आपण काय केलं हे तिला कळत होतं आणि उठून कुंपणापाशी जायला पायही होते. ती उठली नाही. थोड्या पडतील, तिने स्वतःला सांगितलं. जरा अद्दल घडेल. मग पत्रा वाजायला लागला आणि थोड्या पडल्या नाहीत.

उघडीप झाल्यावर तिने कुंपणावरून पाहिलं. नंदाबाईच्या मांडवावर काड्या उरल्या होत्या. सातातले पाच वेल चिंधड्या होऊन पडले होते आणि पांढऱ्या गारांच्या खचात बोटाएवढ्या, वीतभर काकड्या फुटून पडल्या होत्या. नंदाबाई त्या एकेक उचलून ओच्यात घेत होती. रडत नव्हती. एकेक पुसत होती.

त्यानंतर जे झालं ते रुखमाबाईच्या कल्पनेतही नव्हतं. गावाच्या आंब्यांचा मोहर झडला, उभा गहू झोपला, आणि गारपगाऱ्याच्या वाडीत एक पान फाटलं नाही, हे गावभर झालं. साड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. पण नंदाबाईनेच सगळ्यांना सांगितलं, की काकूने तर उन्हासाठी टाकल्या होत्या. उन्हासाठी टाकलेल्या साड्या गारेला कामी आल्या, तर हे कुणी करवलं? शनिवारी मारुतीच्या देवळात बायका रुखमाबाईला पुढे सारून म्हणाल्या, "आबाची पुण्याई हाय हे. त्यायनंच हातून टाकवल्या." रुखमाबाईने नाही म्हटलं नाही. तिने मारुतीकडे पाहून हात जोडले, आणि जोडलेले हात खाली आणायची तिला भीती वाटली, कारण मग बायकांकडे पाहावं लागलं असतं. देवाच्या नावावर आपलं खोटं खपून गेलं, हे त्या दगडी मूर्तीला तरी ठाऊक होतंच.

पंजाबराव बुधवारी नेरच्या बाजाराला गेले होते. परत आल्यावर त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की ढगाचं त्यांना सांगायचं रुखमाबाईने टाळलं. त्याच संध्याकाळी शिडी लावून त्यांनी माळ्यावरून त्रिशूळ काढला. गेले चार दिवस ते चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला बापाच्या गोष्टी सांगत होते आणि फावल्या वेळात चिंचेने त्रिशूळ घासत होते.

आणि आज रविवार. सकाळपासून हवा घामट होती. दहिवर पडलं नव्हतं. मुंग्या अंडी घेऊन चौकटीवर चढत होत्या.

"बादल मोबाइल दाखवून राह्यला," नंदाबाई फाटकापाशी सांगत होती. बादल तिचा मुलगा. "आज पुन्हा गार म्हणते. पण तो तर रोजच काही ना काही दाखवते, कधी पडते, कधी नाही. अन् सगळ्या जिल्ह्याचं सांगते. माझे दोन वेल राह्यले, काकू. त्याले चार फुलं हायेत. म्हणून म्हटलं, काकाले मान द्यावा. त्यायनं पारावर उभं राहावं."

रुखमाबाई उठून उभी राहिली तशी नंदाबाईने ताटली कोरड्या जागी ठेवली, समोर ओल्या सारवणावर दोन पावलं टाकत आली आणि वाकून रुखमाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवं, काय करतं! ऊठ, नंदे."

"होळीले मी बोलली ना. हसण्यावारी बोलली, पण तवापासून मले खाऊन राह्यलं. तुमच्या देवाले लागलं ते. पाच दिवसांत दाखवलं त्यानं. कुंपणाच्या इकडं पान हाललं नाही अन् माझ्याकडं सारं झोडपलं. माझं तोंडच खराब. चुकलं माझं."

रुखमाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात माखलेले होते. त्या हातांनी तिला नंदाबाईला उठवताही येईना. ती नुसती उभी राहिली आणि तिच्या पायांवर त्या बाईचं कपाळ होतं.

आवाज ऐकून पंजाबराव बाहेर आले. हातात त्रिशूळ. त्याचं मधलं टोक लखलखत होतं, बाजूची दोन अजून काळीच होती. "मान आला? वा! आबा गेल्यावर हा पहिला. ये नंदाबाई, वर ये. आज मी उभा राह्यतो. शंख बी सापडला, फक्त फुंकायचा सराव नाही राह्यला."

"त्या साड्या उन्हासाठी नव्हत्या," रुखमाबाई म्हणाली.

दोघांनाही ते नीट ऐकू गेलं नसावं. नंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठत होती.

"काय म्हणता, काकू?"

"मले ढग दिसला होता. त्याचं पोट हिरवं होतं. गार येणार हे मले ठाऊक होतं, म्हणून साड्या टाकल्या. तू विचारलं, अन् मी तुले उन्हाचं सांगतलं."

नंदाबाईने कुंपणाकडे पाहिलं. मग हिशेब जुळवल्यासारखी हळूहळू म्हणाली, "मी तवा वाडीतच होती. बादलीच होती हातात. माझ्याकडं का साड्या नव्हत्या?"

"होत्या."

"मंग काहून?"

"होळीचं लागलं मले."

"होळीचं?" नंदाबाईच्या तोंडावर क्षणभर हसू आल्यासारखं झालं, ते फार वाईट दिसलं. "अवं, होळीले तर आमी सासऱ्याले बी सोडत नाही! दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानात राह्यते ते? तुमी मले तवाच चार शिव्या द्यायच्या होत्या. मी खाल्ल्या असत्या."

रुखमाबाई बोटांवरचं शेण निपटत राहिली.

"पुष्पीले मी फोन केला बुधवारी. सांगतलं, देवानं नेल्या बाई तुह्या काकड्या. रडली. मंग तीच मले समजावते, जाऊ दे याडी, देवाची मर्जी." नंदाबाईचा आवाज आता पहिल्यांदा चढला. "आता काय सांगू तिले? देवाचं नाव खोडून तुमचं सांगू?"

"सांग," रुखमाबाई म्हणाली. "माझंच सांग."

नंदाबाई वळली. ताटली उचलली. नारळ काढून पायरीच्या कडेला ठेवला. "हा देवाच्या नावानं आणला, तो राहू द्या. ज्वारी मानाची होती. ती नेतो मी." आणि ती फाटकातून गेली. कडी तिने लावली नाही. ओल्या सारवणात तिच्या पावलांचे ठसे राहिले, येतानाचे दोन आणि जातानाचे दोन.

पंजाबराव पायरीवर बसले होते, त्रिशूळ मांडीवर आडवा. 

"मले बी नाही सांगतलं," ते म्हणाले. "चार दिवस मी गावभर पुण्याई सांगत फिरलो. चक्कीवर त्या भीमसिंगले तर मी सारं रंगवून सांगतलं, आबा सपनात आले म्हणून."

"आले होते का?"

"नाही ना! तेच तर म्हणून राह्यलो." त्यांनी कपाळावर हात मारला. मग जरा वेळाने, तिच्याकडे न पाहता, "आता हा घासू का ठेवून देऊ?"

रुखमाबाईने आभाळाकडे पाहिलं. वायव्येला अजून काही नव्हतं, नुसता मळकट पडदा. पण वारा राहून राहून थबकत होता. तिसऱ्या प्रहरापर्यंत ढग येईल असं तिला वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. आज चुकलं तर गाव हसेल, आणि उन्हाच्या साड्यांची गोष्टही तोवर सगळ्यांना कळलेली असेल. तेव्हा हसण्याला आणखी धार येईल. कुणी तोंडावर म्हणेल, बुधवारी कुठं गेलतं तुमचं सांगणं?  तरी ते ऐकायला तिला दारोदार जावं लागणार होतं.

"घासा नाही तर ठेवा," ती म्हणाली. "पण आज पारावर नाही उभं राहायचं. आबा आधी घरोघरी फिरत. तुमी खालच्या आळीले जा, मी वरच्या जातो. ढोरं आत घ्या म्हणा, वाळवणं उचला म्हणा, वेल झाका म्हणा."

"अन् कोणी विचारलं, तुमाले कोणं सांगतलं, तर?"

"माझं नाव सांगा."

पंजाबरावांनी त्रिशूळ भिंतीला टेकवला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि चपला शोधू लागले.

रुखमाबाईने रांजणातल्या पाण्याने हात धुतले, नखांतलं शेण काडीने काढलं. उरलेलं अर्धं अंगण तसंच राहिलं, खळग्यांसकट. शेणकाल्याची बादली तिने सावलीला सरकवली. घरात जाऊन देव्हाऱ्यापुढे ती थांबली, पण मागावं असं काही सुचलं नाही, म्हणून नुसतं वाकून निघाली. पेटीतून त्याच पाच साड्या काढल्या. जांभळीला गारेने दोन भोकं पाडली होती, तिची घडी तिने वर ठेवली. साड्यांचं गाठोडं बांधलं, तुराट्यांची मोळी काखेत घेतली.

कुंपणापलीकडून बादलीचा आवाज आला. नंदाबाई पाणी घालत होती. कुंपणावरून हाक मारणं सोपं होतं. रुखमाबाई फाटकाने निघाली. आधी नंदाबाईच्या दारी जाऊन तिच्या दोन वेलांवर साड्या टाकायच्या होत्या आणि मग वरच्या आळीत घरोघरी सांगत फिरायचं होतं.